मिलिमीटरचा भाव

माणसाच्या तोंडात दात ३२. माझा जो दुखत होता त्याचा नंबर मात्र ३६ निघाला. खालच्या डाव्या बाजूची पहिली दाढ दंतवैद्यांच्या हिशेबात ३६ नंबरची असते म्हणे. तिचं-माझं पुढे कसं पटणार, हे तिथेच कळायला हवं होतं.

खरं तर गेलो होतो लेकीचे वेडेवाकडे दात दाखवायला. आपलीही दाढ जाता जाता दाखवून घेऊ, एवढाच काटकसरी विचार. पण हल्ली दातांचे डॉक्टर तोंडात डोकावतात आणि चिठ्ठी देतात. रूट कॅनलवाले वेगळे, हिरड्यांचे वेगळे, अक्कलदाढ काढणारे वेगळे, तारा लावणारे वेगळे. तोंड एकच, पण आत प्रत्येकाची हद्द आखलेली आणि प्रत्येक हद्दीत शिरायची तपासणी फी.

खर्चाची बोलणी कधी करायची, यालाही मुहूर्त असतो. खुर्ची आडवी झालेली, गालात कापूस, ओठाला लटकलेली थुंकी ओढणारी नळी, अर्धी जीभ बधिर. नेमकं तेव्हा विचारतात, ‘‘कॅप कुठली बसवायची? मेटल, सिरॅमिक की झिरकोनिया?’’ मी म्हणालो, ‘‘आं.’’ ‘आं’चा अर्थ झिरकोनिया असा लागतो, हे मला बिल हातात आल्यावर समजलं. शिवाय रूट कॅनलचे पैसे म्हणजे फक्त आतली साफसफाई. दाढ फार पोखरली असेल तर आधाराला आत पोस्ट नावाची छोटी दांडी, तिचे वेगळे. वरच्या कॅपचे वेगळे.

विम्याच्या माणसाला फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला, ‘‘सर, दात पॉलिसीत येत नाहीत. अपघातात तुटले असते तर बघता आलं असतं.’’ स्पीकर चालू होता. बायको म्हणाली, ‘‘अहो, जिन्यावरून पडायचं असेल तर आधी सांगा, खाली सतरंजी घालते. फक्त तोंडावर पडा.’’

लेकीचं प्रकरण याहून मोठं. आधी एक्स-रे, मग गुलाबी लगदा तोंडात कोंबून दातांचा साचा. मग कळलं की जबड्यात जागा कमी आहे, म्हणून चार दात काढावे लागतील. किडके नव्हेत, चांगले, धडधाकट! ते काढायचेही पैसे आपणच द्यायचे. तारा साध्या, दातांच्या रंगाच्या किंवा आतल्या बाजूने लावायच्या. नाहीतर काढता-घालता येणारे पारदर्शक अलायनर. लेकीचं बोट तक्त्यावर उजवीकडे उजवीकडे सरकत होतं आणि भावही त्याच दिशेने चढत होता. शेवटी साध्या तारांवर तह झाला. त्यावरच्या छोट्या रबरांचा रंग मात्र दर वेळी हवा तो मिळे. सगळ्या उपचारात तेवढंच फुकट, म्हणून ती निवड आम्ही सहकुटुंब करायचो.

दात सरकतो कसा, हे डॉक्टरांनी प्रेमाने समजावलं. तार हलका दाब देते, पुढचं हाड झिजतं, मागे नवं भरतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. घाई केली तर मुळांना इजा व्हायची, म्हणून दीड-दोन वर्षं. मी मनात भागाकार करून टाकला. आयुष्यात जमीन घेतली नाही, पण तीही लोक फुटाने घेतात. मी मिलिमीटरने खरेदी करत होतो.

तारा निघाल्या. लेक आरशासमोरून हलेना, आणि खरं सांगायचं तर दात सुरेख दिसत होते. पैसे वसूल, म्हणेपर्यंत रिसेप्शनवरच्या ताईंनी रिटेनरचं, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या काढत्या-घालत्या पट्टीचं, बिल पुढे केलं. तो घातला नाही तर दात परत जुन्या जागी निघतात. इतके पैसे मोजूनही त्यांना माहेरची ओढ!

आठवडाभरात लेकीने जेवताना रिटेनर काढून टिश्यूत गुंडाळला आणि टिश्यू कचऱ्यात गेला. आम्ही तिघांनी वर्तमानपत्रावर कचऱ्याची बादली उपडी केली. मिळाला. ‘‘शी! मी हा परत तोंडात घालणार नाही,’’ लेक म्हणाली.

ताई म्हणाल्या, ‘‘सर, दोन एकदम केलेत तर थोडं कमी करून देऊ.’’

या वेळी माझं तोंड रिकामं होतं. तरीही ‘आं’च निघालं.