धक्क्याला लागेपर्यंत

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मोपेड चालवायला परवाना लागतो. तिथल्याच व्हिटसंडे बेटांमध्ये चाळीस फुटी कॅटमरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली शिडाची बोट, भाड्याने घेऊन स्वतः हाकायला लागत नाही. सकाळी कंपनीचा एक हसरा मुलगा येतो. इंजिन, नांगर, रेडिओ, संडासाचा पंप असं सगळं दाखवतो, थोडं चालवून घेतो आणि लाखो डॉलरची बोट आपल्या हवाली करून खुशाल निघून जातो. इथल्या सरकारचा माणसांवर भारी विश्वास. त्यांनी माझा नवरा पाहिलेला नाही.

नवऱ्याचं गाव साताऱ्याजवळचं. तिथून समुद्र गाठायचा तर आधी घाट उतरावा लागतो. माझं माहेर रत्नागिरीचं, मिरकरवाडा बंदराच्या वासात वाढलेली मी. पण त्या मुलाने 'पूर्वीचा अनुभव?' असं विचारताच नवरा म्हणाला, "आमच्याकडे आरमाराची परंपरा आहे." मग त्याला सरखेल कान्होजी आंग्रे सांगितले, सुवर्णदुर्ग सांगितला, विजयदुर्ग सांगितला. मुलाने फॉर्मवर काय लिहिलं कोण जाणे.

भारतातून आलेल्या सासूबाई, चिरंजीव, मी आणि तांडेल, म्हणजे बोट हाकणारा नवरा, असे आम्ही एअरली बीचहून निघालो. जायचं होतं ते हॅमिल्टन बेट तिथून आग्नेयेला. हिवाळाभर इथले व्यापारी वारेही आग्नेयेकडूनच येतात, म्हणजे वारा बरोबर नाकावर. नाकावरच्या वाऱ्यात शीड फडफडण्यापलीकडे काही करत नाही. ते उभारून फोटो काढले, गुंडाळलं आणि इंजिनवर निघालो. वेग सहा नॉट, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. त्यात भरती सुरू झाली. इथे भरतीचं पाणी दक्षिणेकडे जातं, वारा उलटा येतो, आणि दोघं भिडले की मधल्यामध्ये लाटा उभ्या राहतात. बोट लागली ती बंदरातल्या मुलीला, म्हणजे मला. सासूबाईंनी आलेपाकाची वडी पुढे केली आणि स्वतः डब्यातल्या चकल्या काढून बसल्या. "एसटीने महाबळेश्वरला जाताना याहून हलतं गं," म्हणाल्या.

रात्री नांगर टाकून राहिलो त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चारच्या सुमाराला बोट मुक्कामाला लागलेली हवी आणि अंधारात हाकायची नाही, असा कंपनीचा नियम. सकाळ-संध्याकाळ रेडिओवर एक बाई हजेरी घ्यायची. नवरा तिला 'सर्व ठीक' असं इतक्या भारदस्त आवाजात कळवायचा, की मलाही क्षणभर ठीक वाटायचं.

खरा प्रसंग हॅमिल्टनच्या मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यात. मोकळ्या समुद्रात कोणीही तांडेल असतो. चहूकडे पाणी, धडकायचं कशाला? मरीनात मात्र दोन्ही बाजूंना लोकांच्या चकचकीत बोटी, मध्ये आपल्याला नेमून दिलेली फट, आणि समोर हॉटेलांच्या ओळीत हातात पेला घेऊन बसलेले लोक. त्या बेटावर ऑगस्टमध्ये शिडाच्या बोटींच्या शर्यती होतात, परंपरा 1984 पासूनची. म्हणजे बघणारेही जाणकार.

जगभरच्या बोटींवर कामाची वाटणी एकच दिसते: चाकावर नवरा, टोकाला दोर घेऊन बायको. चाकावरचा ओरडतो आणि दोरवाली उडी मारते. मी दोर घेऊन उभी राहिले. चिरंजीवांकडे रबरी फुगे होते, दोन बोटींच्या मध्ये लटकवायचे. मरीनाचा माणूस छोट्या होडीतून पुढे वाट दाखवत होता.

कॅटमरानला दोन इंजिनं असतात. एक पुढे, एक मागे लावलं की ती जागच्या जागी वळते. हे ज्ञान नवऱ्याला नेमकं तिथे आठवलं. आम्ही वळलो. अजून वळलो. समोरचं हॉटेल गेलं, डोंगर आला, पुन्हा हॉटेल आलं. पेले हातातच राहिले होते.

"डावीकडे!" नवरा ओरडला.

"माझ्या की तुझ्या?" मी.

"बोटीच्या!"

वारा आडवा होता आणि तो आम्हाला शेजारच्या बोटीकडे लोटत होता. एवढ्यात आजूबाजूच्या बोटींमधून पांढऱ्या केसांची जोडपी बाहेर आली. प्रत्येकाच्या हातात आपापला रबरी फुगा. कोणी काही बोललं नाही. चेहऱ्यावर प्रेमळ हसू ठेवून, आमची बोट येईल तिथे फुगा धरून ते उभे राहिले. सासूबाईंना वाटलं स्वागताची पद्धत आहे. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. मग रामरक्षा सुरू केली, कारण शेजारची बोट आणि आपण यांच्यातलं अंतर त्यांनाही दिसलं असावं.

मी दोर फेकला. होडीतल्या माणसाने तो झेलला, दुसऱ्याने मागचा, आणि दोघांनी आम्हाला ओढून आत घातलं. समोरून टाळ्या आल्या. नवऱ्याने हात उंचावून त्या स्वीकारल्या.

पुढे सगळं सुख. बेटावर मोटारींऐवजी गोल्फच्या गाड्या. एक भाड्याने घेऊन सासूबाईंना फिरवलं. ती मात्र नवऱ्याने पहिल्या फटक्यात लावली. एका पांढऱ्या काकाकुव्याने आमच्या टेबलावरची चकली उचलली आणि आमच्यासमोर बसून संपवली. बोटीला धक्क्यावरची वीज मिळाली, पलीकडे पोहायचा तलाव. जमीन तेवढी दोन दिवस माझ्या पायांखाली डुलत राहिली.

जागा सोडायच्या सकाळी नवरा लवकर उठला. डेकवर जाऊन वाऱ्याकडे बघितलं, शेजारच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. तेही चहा पीत त्याच्याकडेच बघत होते, फुगे जवळ ठेवून. तो कार्यालयात गेला आणि आणखी एका रात्रीचे पैसे भरून आला.

"आईला तलाव आवडलाय," तो म्हणाला, "आणि उद्या वारा पडेल."

मी फोनवर हवामान बघितलं. पुढचे चार दिवस आग्नेयेचा, तेवढाच.