तोंड न उघडता गाजलेला बॅरी व्हाइट

परवा भाचा आला होता. हळदी-बारशांना डीजे लावतो, त्यामुळे संगीतातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची खात्री. त्याला मी बॅरी व्हाइटचं 'लव्हज थीम' ऐकवलं. मिनिटभर ऐकून म्हणतो, "मामा, ड्रॉप, म्हणजे ठोका धाडकन आदळतो ती जागा, कुठाय यात? हे तर हॉटेलच्या लिफ्टमधलं म्युझिक आहे."

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे, म्हणून हे लिहितोय.

खर्जातल्या आवाजासाठी बॅरी व्हाइटला जग ओळखतं. पण त्याची जी पहिली रचना अमेरिकेच्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत एक नंबरला गेली, ती हेच 'लव्हज थीम', आणि त्यात तो गातच नाही. त्याच्या लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्राचं नुसतं वाद्यसंगीत, साल १९७३. फेब्रुवारी १९७४ मध्ये एकच आठवडा ते शिखरावर होतं, आणि त्याच्या आधी नि नंतर त्याच जागी गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड! रेडिओवाल्यांनी मनावर घेण्याआधी ते उचललं न्यूयॉर्कच्या क्लबांनी. डिस्को हा शब्द तेव्हा मुख्यतः नाचायच्या जागांचा होता, संगीताच्या प्रकाराला तो अजून नीटसा चिकटलेला नव्हता.

आता जरा कान देऊन ऐका. सुरुवातीलाच व्हायोलिनं खालून वर झेपावतात, भरती आल्यासारखी, आणि मग लांबच लांब सूर धरून ठेवतात. त्यांच्या पोटात वाह-वाह पेडलवरची (पायाने दाबून सूर उघडझाप करणाऱ्या यंत्रावरची) गिटार चालू असते, वाका-वाक, वाका-वाक, किसणीवर खोबरं किसल्यासारखी. व्हायोलिनं निवांत आणि गिटार उतावळी. माझ्या मते डिस्कोची सगळी नशा या दोघांच्या ओढाताणीत आहे. नुसता ठोका काय, लेझीमलाही असतो.

डिस्कोच्या ठोक्याचं श्रेय मात्र फिलाडेल्फियाच्या अर्ल यंग या ड्रमरला द्यायलाच हवं. फिलाडेल्फियाचंच 'टीएसओपी' (द साउंड ऑफ फिलाडेल्फिया) एप्रिल १९७४ मध्ये एक नंबरला गेलं, तेही व्हायोलिनांच्या लाटेवरच. १९७५ मध्ये व्हॅन मकॉयचं 'द हसल' आलं. त्यात तर बासरीच भाव खाऊन गेली!

बॅरी व्हाइटला नोटेशन लिहिता-वाचता येत नव्हतं. डोक्यात वाजणारं तो सांगायचा आणि जीन पेज नावाचा अरेंजर, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते ठरवणारा, ते कागदावर उतरवायचा. हे वाचलं आणि मला आपल्या मुंबईच्या स्टुडिओंमधले गोव्याचे अरेंजर आठवले. चाल संगीतकाराची, पण पन्नास वादकांपुढचे कागद सेबॅस्टियन डिसोझांसारख्यांचे. नाव पोस्टरवर कुणाचं, हे सांगायला नको.

आणि ही डिस्कोची लाट आपल्याकडे आली ती बेंगळुरूच्या बिड्डू या संगीतकारामुळे. लंडनला गेलेला हा पोरगा. १९७५ मध्ये बिड्डू ऑर्केस्ट्राचं 'समर ऑफ फॉर्टी-टू' हे डिस्को वाद्यसंगीत ब्रिटनच्या यादीत चढलं. त्याच माणसाने १९८० मध्ये 'कुर्बानी'साठी 'आप जैसा कोई' केलं, ज्यावर आमच्या पिढीने सोसायटीच्या गच्चीवर यथाशक्ती पाय मोडून घेतले.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. मग म्हटलं, व्हायोलिन सोड, फक्त गिटार ऐक. पूर्ण ऐकलं त्याने. शेवटी म्हणाला, "हळदीला नाही चालणार मामा. पण पंगत बसते तेव्हा लावून बघतो."

१२ तारखेला हळद आहे. मी जेवायच्या वेळेलाच जाणार आहे.