गाडीचा वार

आमच्या सोलापुरातल्या कॉलनीत कोजागरीला तुळजापूरला चालत जाऊन आलेली माणसं निम्म्याहून जास्त निघतील. मीही गेलेय, दोनदा. रूपाभवानीला नमस्कार करून निघायचं, ४५ किलोमीटर, पायाला फोड आले तरी थांबायचं नाही. वाटेत कुणी चहा हातात देतं, कुणी केळी. एक अनोळखी काका रस्त्याकडेला बसून माझ्या पायाला तेल चोळत होते आणि मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी पाय मागे घेतला. ते म्हणाले, "असू दे अक्का, आईकडंच निघालाय की." त्या रात्री गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवलेल्या असतात. नुसती पावलं ऐकू येतात आणि मधूनच 'आई राजा उदो उदो'.

हीच आम्ही माणसं दोन दिवसांनी दुधाच्या पिशवीसाठी स्कूटी काढतो. दूधवाला आमच्या गेटपासून चारशे पावलांवर आहे.

मागच्या वर्षी एका रविवारी मी आमची स्कूटी दिवसभरात किती वेळा बाहेर जाते ते लिहून ठेवलं. सकाळी दूध. मग कोथिंबीर राहिली म्हणून परत. इस्त्रीचे कपडे टाकायला. सासऱ्यांच्या गोळ्या. मुलीला क्लासला सोडायला, तिला आणायला. संध्याकाळी पाहुणे आले म्हणून फरसाण. सात वेळा. रात्री मीटर बघितला तर सगळे मिळून सहा किलोमीटर झाले होते. म्हणजे एका खेपेला किलोमीटरसुद्धा नाही! आमच्या गॅरेजवाल्या अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणूनच तुमची बॅटरी सारखी बसते, मॅडम. इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही बंद करता. पेट्रोलपण जास्त खाती अशानं."

लोक आळशी झालेत, असं मी म्हणणार नाही. तसं असतं तर तुळजापूरचा रस्ता कोजागरीला ओस पडला असता. आपल्याला सवय लागलीय. चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेली असते, घराबाहेर पडताना हात आपोआप तिकडे जातो. आणि सवय एकट्याने मोडत नाही हे मी बघितलंय, कारण त्या रविवारनंतर मी एकटीने जवळच्या कामांना चालत जायचं ठरवलं आणि चौथ्या दिवशी परत स्कूटीवर होते. चालत निघाले की वाटेत चार जण थांबून विचारायचे, "काय हो, गाडी बिघडली का?" पाचव्यांदा तेच सांगण्यापेक्षा गाडी काढलेली बरी, असं वाटायला लागतं.

म्हणून दिवाळीनंतर आम्ही हे कॉलनीत सगळ्यांनी मिळून करायचं ठरवलं. चोवीस घरं. दिवाळी ते गड्डा, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेपर्यंत. हा काळ मुद्दाम निवडला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना 'चाला, चाला' म्हणणं म्हणजे माणसांना छळणं आहे. सोलापुरात असलं काही करायचं तर थंडीतच सुरू करायचं, आणि ऊन तापायला लागेपर्यंत पायांना सवय झालेली असली पाहिजे.

पहिल्यांदा आम्ही चुकलो ते सांगते, कारण ज्यांना असं काही सुरू करायचंय त्यांच्या ते उपयोगी पडेल. आमच्या एका भाच्याने जर्मनीतल्या एका उपक्रमाची माहिती दिली. 'श्टाटराडेल्न' असं त्याचं नाव. २००८ पासून चालू आहे. गावं, शहरं त्यात भाग घेतात, लोक संघ करून सलग २१ दिवस जमेल तेवढी सायकल चालवतात आणि किलोमीटर मोजतात. आम्हाला वाटलं, झकास, असंच करू. मोबाईलवर किलोमीटर मोजायचे, आठवड्याला सगळ्यात जास्त ज्याचे त्याचा सत्कार.

पहिल्याच आठवड्यात निकाल लागला. आमच्याकडे तीन-चार जण पहाटे सायकलवर तुळजापूर रोडला जातात. हेल्मेट, चष्मा, सगळं साग्रसंगीत. मला त्यांचं कौतुकच आहे. पण त्यांचे किलोमीटर दीडशे-दोनशे, आणि चालत जाऊन भाजी आणणाऱ्या समोरच्या काकूंचे आठवड्याचे पाच. काकूंनी दुसऱ्या आठवड्यापासून मोबाईल घरीच ठेवला. आणि त्या सायकलवाल्यांच्या घरच्या गाड्या? दुधाला, इस्त्रीला, पूर्वीसारख्याच निघत होत्या. तिकडे जर्मनीत ते चालत असेल, कारण तिथे लोक सायकलने कामाला जातात, ते किलोमीटर गाडीचे वाचलेले असतात. आमच्याकडे सायकलचे किलोमीटर वाढले आणि गाडीचा एक मीटर कमी झाला नाही. आपण भलतंच मोजत होतो.

मार्ग काढला तो माझ्या सासऱ्यांनी. वय ८२, मिलमध्ये आयुष्य गेलं. भोंगा व्हायच्या आत डबा घेऊन चालत पोचायचं, पाळी सुटली की चालत परत, असे त्यांचे दिवस. ते संध्याकाळी कट्ट्यावर बसलेले, आमची चर्चा ऐकत होते. म्हणाले, "तुम्ही सोमवार धरता, गुरुवार धरता, तसा गाडीचा एक वार धरा की. त्या दिवशी गाडीला उपास."

एवढं सोपं वाक्य, आणि सगळ्यांना एका क्षणात कळलं. उपास कसा करायचा हे आपल्याला शिकवावं लागत नाही. एखाद्याचा निर्जळी, एखाद्याचा साबुदाण्याची खिचडी खाऊन. आजारी माणसाने करू नये, लेकुरवाळीने करू नये, प्रवासात मोडला तर पुढच्या वेळी धरावा. आणि दुसऱ्याच्या ताटात बघायचं नाही. सगळे नियम आधीच तयार होते. आम्ही फक्त गाडीला लावले. आपल्या वारी दोन किलोमीटरच्या आतल्या कुठल्याही कामाला गाडी काढायची नाही. लांब जायचं असेल तर दोघांनी एका गाडीवर, नाहीतर सिटी बस, नाहीतर सीटवर रिक्षा. चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणारे दोघे आहेत, त्यांनी चालत जावं असं कोण म्हणेल? त्यांनी सोमवारी एकाच मोटरसायकलवर जायला सुरुवात केली. तेही आम्ही धरलं.

सिद्धेश्वराचा म्हणून सोमवार घेणारे सगळ्यात जास्त निघाले. अक्कलकोटला जाणाऱ्यांनी गुरुवार घेतला. शेजारच्या चाचींनी शुक्रवार घेतला, जुम्म्याला घरातले पुरुष मशिदीत चालतच जातात म्हणून. आम्ही मंगळवार, भवानीचा.

गेटजवळ एक पांढरा फळा लावला. स्केचपेन सारखं हरवायचं म्हणून टॉवेलच्या दशा पिळून त्याची दोरी केली आणि पेन तिला बांधलं. कारखान्यातून आलेले टॉवेल सोलापुरात कुणाच्या घरी नसतात! ज्याने आपला वार पाळला त्याने स्वतः येऊन आपल्या घरापुढे टिंब द्यायचं. 'स्वतः' हा शब्द नंतर आला, आणि त्याच्यामागे एक वाईट प्रसंग आहे. डिसेंबरात कुणीतरी एका वहिनींचा स्कूटी काढतानाचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली 'आज यांचा वार ना?' त्या वहिनी सासूबाईंची साखर एकदम उतरली म्हणून औषध आणायला धावल्या होत्या. त्या रात्री त्यांच्या घरात काय झालं असेल याचा विचार करून मला झोप लागली नाही. दोन घरांनी आपली नावं पुसली. आम्ही चौघीजणी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, फोटो काढायचा नाही असं ठरलं, आणि एका घराने नाव परत लिहिलं. दुसऱ्याने अजून लिहिलेलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही लिहिलं नसतं. लोकांना लाजवून गाडी सोडायला लावणं मला मान्य नाही. लाजेने बंद केलेली गाडी पाठ वळली की चालू होते.

आणखी एक. फळा लावला त्याच आठवड्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गेटपाशी थांबून तो वाचत होत्या. म्हणाल्या, "मी तर रोजच चालत येते की ओ मॅडम, माझं नाव कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा घरची कामं, जायचं-यायचं अंतर, सगळं पायी. सकाळी आपल्या पूर्व भागात विड्या द्यायला कारखान्यात निघालेल्या बायका बघा, हातात पिशव्या, पायात स्लीपर, त्याही चालतच असतात. गाडी असून न वापरणाऱ्याचं कौतुक करायचं आणि या बायका तुमच्या हिशेबातच नाहीत, हे बरोबर नव्हतं. मावशींचं आणि आणखी पाच जणींचं नाव फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं. आणि मग मावशींनी आम्हाला जे सांगितलं ते आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं: कोपऱ्यावरच्या गटारीवरची कुठली फरशी डुगडुगते, कुठल्या गल्लीत पहाटे कुत्री अंगावर येतात, कुठल्या खांबावरचा दिवा महिनोन्‌महिने बंद आहे. आम्ही तिथून रोज जात होतो, पण गाडीवरून. आम्ही त्यांच्याकडून यादी करून घेतली, सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज दिला, पाठपुरावा केला. दिवा लागला. फरशी आम्ही वर्गणी काढून बदलली. मला विचाराल तर त्या सगळ्या खटाटोपातलं हे सगळ्यात मोलाचं काम होतं. अंधाऱ्या रस्त्यावर बाईमाणसाला 'चालत जा' म्हणण्याचा कुणाला अधिकार नाही.

मुलांचं मात्र फार सोपं गेलं. शाळा सुटताना गेटवर काय होतं ते प्रत्येक आईबापाला माहीत आहे. पन्नास गाड्या एकमेकींत घुसलेल्या, निम्म्या चालू, धूर बरोबर पहिली-दुसरीतल्या मुलांच्या नाकाशी. आमची अकरा मुलं एकाच शाळेत जातात, अंतर सव्वा किलोमीटर. दोन आया, एक पुढे, एक मागे, मध्ये मुलांची रांग. आठवड्याला पाळी बदलायची. एका जोडीने अकरा गाड्या वाचवल्या. मुलं वाटेत पाढे म्हणतात, भांडतात, चिंचा गोळा करतात. माझी मुलगी आता तिला गाडीवर नेलं तर रुसते.

"एवढ्याने काय होणार?" हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमच्या चोवीस घरांनी जगाची हवा बदलणार नाही हे मला कळतं. पण आपल्या शहराची हवा आपली आहे. २०१९ साली केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, तेव्हा ज्या शहरांची हवा ठरवून दिलेल्या मानकांत बसत नाही त्यांच्या यादीत सोलापूर होतं. ती धूळ आणि तो धूर मुंबईहून आलेला नाही. आणि हवा बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चाला-फिरा म्हणते. दूध, भाजी, इस्त्री, शाळा, यातच ती भरतात, वेगळी जिम लावायला नको. २२ सप्टेंबरला 'कार फ्री डे' साजरा होतो, होऊ द्या, पण वर्षात एक दिवस आणि आठवड्यातला एक वार यात फरक आहे. वार परत येतो.

बक्षीस काय द्यायचं यावर भरपूर वाद झाले. कुणी मिक्सर म्हणालं, कुणी रोख. शेवटी बक्षीसच नको असं ठरलं. गड्डा झाल्यावर सगळे मिळून हुरड्याला गेलो, एसटीने. शेतात कोवळा हुरडा, शेंगाचटणी, दही, कडक भाकरी घरून नेलेली. मावशी आणि त्यांच्या बरोबरीच्या सगळ्याजणी होत्या. सासऱ्यांना आम्ही गाडीने न्यायचं म्हणत होतो, ऐकले नाहीत, एसटीच्या पायरीवर दोघांनी धरून चढवलं. खिडकीची जागा पकडून बसले आणि हातात हुरडा चोळत घरी येईपर्यंत मिलच्या गोष्टी सांगत होते.

उन्हाळ्यात ढिले पडलो, हे खरं. मार्चपर्यंत फळ्यावर टिंबं होती, मे महिन्यात फळा कोराच होता. शाळेची रांग तेवढी टिकली, जूनला शाळा उघडल्यावर पहिल्या दिवसापासून परत सुरू झाली.

यंदा कोजागरीपासून धरायचं म्हणतोय. तुळजापूरहून आलं की पाय दुखतायत तोवरच सुरुवात करायची. विजापूर रोड, होटगी रोड, साखर पेठ, कुठलीही गल्ली असू दे, दहा घरं जमली तरी पुरे. फळा, पेन आणि दोरी एवढंच लागतं. पण आधी तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारा, रस्त्यावर कुठं काय अडतं, आणि फळ्यावर त्यांचं नाव आधी लिहा. कुणाला पहिल्या बैठकीला आमच्यापैकी कुणी यायला हवं असेल तर सांगा, आम्ही दोघी-तिघी येऊ. मंगळवारी बोलावलंत तर चालत येऊ, थोडा उशीर होईल.