बिनपगारी ष्टेशन मास्तर

रेल्वेनं मला कामावर कधी घेतलं ते नक्की सांगता येत नाही. पगार चालू झाला असता तर तारीख लक्षात राहिली असती.

स्टेशनचं नाव लिहीत नाही, कारण गावातले लगेच ओळखतील आणि मलाच फोन करून गाडी कुठंय विचारतील, तसं आत्ताही विचारतातच म्हणा. ओढा ते लासलगावच्या मधलं एखादं समजा. एक्स्प्रेस गाड्या जाताना हॉर्न मारतात, तेवढाच काय तो मान. 2017 ला रेल्वेनं स्टेशनांची नवी वर्गवारी केली, उपनगरी सोडून बाकीच्यांत वर एनएसजी-1 आणि तळाला एनएसजी-6. आमचं शोधायचं असेल तर तळापासून सुरुवात करा, वेळ वाचेल.

पूर्वी मास्तर म्हणजेच सगळं. सिग्नल तोच, तिकीट तोच, चौकशी तोच, आणि त्याची तक्रार करायची तरी त्याच्याकडेच. खिडकीला हात जाईल एवढं अर्धगोल भोक, त्यातून पैसे सरकवायचे, तो गत्त्याचं छोटंसं तिकीट काढून तारखेच्या मशीनमध्ये घालणार, खट्ट. तारीख डोळ्यांना दिसायची नाही, बोट फिरवलं की लागायची. आणि आपला नंबर आला रे आला की आत ब्लॉकची बेल वाजणार! शेजारच्या स्टेशननं लाईन मागितलेली असायची, मग मास्तर आपली नोट हातात तशीच धरून उठायचा, बेलला उत्तर, रजिस्टरला वेळ, मग भुसावळ कंट्रोलचा फोन, "हां सर, अप पॅसेंजर लूपला घेतो सर, मागची काढून देतो सर." ही अप, म्हणजे नाशिक-मुंबईकडं जाणारी, पॅसेंजर म्हणजे आमचीच गाडी. तिकीट हातात पडायच्या आधी गाडी बाजूला टाकल्याची बातमी मिळायची, ही सोय आता कुठल्या स्टेशनवर आहे सांगा.

मनमाडकडच्या बेलचा आवाज वेगळा, नाशिककडच्या बेलचा वेगळा. आमच्या आळीतले एक नाना नळावर तंबाखू मळता मळता नुसत्या आवाजावर सांगायचे, "डाऊन आहे, बसा निवांत." नानांचा रेल्वेशी संबंध शून्य. तेव्हा आम्ही हसायचो त्यांना. आता कळतंय की बिनपगारी भरतीतले ते पहिले, माझी सिनिऑरिटी त्यांच्या खाली लागते.

मग मास्तरकडचं तिकीट काढून घेतलं आणि खिडकीत एजंट आला. त्याला पगार नाही, कमिशन. पोरगा चांगला होता, हसून बोलायचा, पण मार्च 2020 मध्ये पॅसेंजर बंद झाल्या आणि गाडीच नाही म्हटल्यावर तिकीट कोण घेणार, कमिशन कशाचं मिळणार. त्याच वर्षी 7 ऑगस्टला देवळालीहून बिहारच्या दानापूरला पहिली किसान रेल सुटली. म्हणजे भाजीपाला आणि फळं आमच्या रुळावरून थाटात बिहारला गेली आणि आम्ही नाशिकरोडला जायला वडापच्या मागच्या सीटवर चौथे. पुढं गाड्या सुरू झाल्या त्या स्पेशल म्हणून, कमीतकमी भाडं 10 चं 30 झालं, ते परत 10 व्हायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. तोपर्यंत एजंटनं झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. बरं केलं.

आता खिडकीला पत्रा आणि भिंतीला क्यूआर कोडचा कागद. उन्हानं तो इतका पांढरा पडलाय की मोबाईल त्याच्याकडे बघतो आणि विचारात पडतो. बरं, कोड न वापरता मोबाईलवर तिकीट काढायचं तर फलाटावरून निघत नाही, रुळांपासून लांब जावं लागतं. मग सगळी वरात बाहेर मारुतीच्या देवळापाशी. तिथं जीपीएसला बरं वाटतं. ज्यांच्याकडे साधा फोन ते माझ्याकडे येतात, "भाऊ, माझं बी एक काढ ना", आणि दहाचं नाणं हातात. एका तिकिटावर चारजण बसतात, तिकीट माझ्या मोबाईलमध्ये, त्यामुळे नाशिकरोड येईपर्यंत ते माझ्या आजूबाजूलाच. मी दाराशी हवेला गेलो की पिल्लांसारखे तिघंही दाराशी. मोबाईलची बॅटरी आता माझी राहिलेली नाही, ती सार्वजनिक मालमत्ता आहे.

मास्तर आहे अजून, नाही असं नाही. आत एकटा स्क्रीनसमोर बसतो, पॉइंट्समन बाहेर येऊन जाणाऱ्या गाडीला हिरवा झेंडा दाखवतो. त्याच्यावर आपला राग नाही, एवढ्या गाड्या सांभाळायच्या का आमच्या शंका. पण लोकांना विचारायला माणूस लागतो आणि माझं तोंड माणसासारखं दिसतं बहुतेक. गाडी कुठंय मी सांगतो, कुठल्या फलाटावर येणार मी ओरडून सांगतो, लूपला का टाकली याची कारणंसुद्धा देतो, काही खरी असतात.

परवा पाटी घेऊन जाणाऱ्या एका मावशींनी फलाटावर अडवलं. नळाला पाणी नाही, आठवडा झाला, तुम्ही लोक करता काय? म्हणलं मावशी, मी रेल्वेत नाही.

"मग रोज गाड्या कशाला सांगत फिरतो?"

याच्यावर काय बोलणार. म्हणलं बघतो. आणि बघायला गेलो काय, तर नळाची तोटीच जागेवर नव्हती. रविवारी गावातल्या प्लंबरला घेऊन गेलो, त्यानं नवी तोटी बसवली, पाणी आलं, मावशींनी बाटली भरली, ठीक. तो मात्र वहीत पेन टेकवून माझ्याकडे बघत उभा, "साहेब, बिल कुणाच्या नावानं करू? रेल्वेच्या का तुमच्या?"