त्यांच्या जगात तो साधाच जीव असतो

दिवाळीच्या सुट्टीत माझा अकरा वर्षांचा भाचा नाशिकला, इंदिरानगरमध्ये आमच्याकडे राहायला आला होता. कपाटात जपून ठेवलेला माझा निन्टेन्डो ३डीएस हा हातात धरून खेळायचा गेमचा संच त्याच्या हाती लागला आणि 'पोकेमॉन अल्ट्रा मून' हा गेम त्याने अगदी पहिल्यापासून खेळायला घेतला. चौथ्या दिवशी जेवताना त्याने मला विचारले, "मामा, सगळ्या अल्ट्रा बीस्टमध्ये पॉवरफुल कोण?" प्रश्न स्वाभाविक होता, या प्राण्यांविषयी जिथे कुठे बोलणे निघते तिथे बहुतेक वेळा हाच प्रश्न पहिला येतो. मी त्याला आकडे सांगितले आणि त्याचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही, कारण अल्ट्रा बीस्ट ही या मालिकेची सर्वांत विचारपूर्वक केलेली निर्मिती आहे असे मला मनापासून वाटते, आणि ताकदीच्या तक्त्यात ती मावत नाही. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

ज्यांनी हे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. पोकेमॉनचे पहिले गेम १९९६ साली जपानमध्ये आले. तेव्हापासून गेमच्या प्रत्येक पिढीत काही अतिशय बलाढ्य पोकेमॉन असतात आणि चौथ्या पिढीपर्यंत तर त्यांचे स्वरूप थेट देवांसारखे झाले होते: डायल्गा काळाचा, पाल्किया अवकाशाचा आणि आर्सियस तर सगळी सृष्टी घडवणारा. १८ नोव्हेंबर २०१६ रोजी 'सन' आणि 'मून' प्रसिद्ध झाले, त्यांतली कथा हवाईवर बेतलेल्या अलोला या चार बेटांच्या प्रदेशात घडते, आणि तिथे आभाळ फाटून वेगळ्याच मितीतले प्राणी खाली येतात. आभाळाला पडणाऱ्या त्या भोकाला अल्ट्रा वर्महोल म्हणतात आणि त्यातून येणारे ते अल्ट्रा बीस्ट. त्यांचे देऊळ नाही, त्यांच्याकडे कोणी नवस बोलत नाही, जग राखण्याचे किंवा बुडवण्याचे कोणतेही काम त्यांच्याकडे दिलेले नाही. 'सन' आणि 'मून'मध्ये ते सात होते. पुढच्या वर्षी आलेल्या 'अल्ट्रा सन' आणि 'अल्ट्रा मून'मध्ये आणखी चार आले.

त्यांची रचना करणाऱ्यांनी परकेपणा किती बारकाईने विणला आहे हे पाहण्यासारखे आहे. कार्टाना हा घडी घातलेल्या कागदासारखा प्राणी आहे, उंची ०.३ मीटर आणि वजन ०.१ किलो, आणि तरीही पोकेडेक्स, म्हणजे गेममधला पोकेमॉनचा माहितीकोश, सांगतो की त्याने एक प्रचंड पोलादी मनोरा एका घावात कापला. त्याच पिढीतली सेलेस्टीला ९.२ मीटर उंच आणि ९९९.९ किलो वजनाची असून रॉकेटसारखी उडते. झर्किट्री म्हणजे विजेच्या तारांचा गुंता माणसासारखा उभा राहावा तसा आहे. सुरुवातीला यांना नावेसुद्धा नसतात, 'यूबी-०१ सिंबायंट', 'यूबी-०५ ग्लटन' असे फाइलवर टाकावेत तसे क्रमांक असतात. एक गोष्ट तर मला फार उशिरा कळली आणि त्या रात्री मी वही घेऊन एकेक आकडा तपासत बसलो. पोकेमॉनच्या ताकदीचे सहा पायाभूत आकडे असतात, आणि आर्सियससारख्या देवाचे सहाही आकडे सरळ १२० आहेत. अल्ट्रा बीस्टचे आकडे मात्र मूळ संख्या आहेत, म्हणजे एक आणि ती संख्या स्वतः सोडून कशानेही भाग न जाणाऱ्या. निहिलेगोचे १०९, ५३, ४७, १२७, १३१ आणि १०३ घ्या. गझलॉर्डचे २२३, १०१, ५३, ९७, ५३ आणि ४३ घ्या. दोन्हींची बेरीज ५७० येते. अकरा प्राण्यांत एकच आकडा याला अपवाद आहे, नागानाडेलचा वेग १२१, म्हणजे अकराचा वर्ग. खेळताना कोणाच्याही लक्षात न येणाऱ्या जागी कोणीतरी बसून ठरवले की हे जीव आपल्या हिशेबात बसता कामा नयेत, आणि मला त्या माणसाविषयी अतिशय आदर वाटतो.

परंतु या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते पोकेडेक्समधले एक साधे वाक्य. या प्राण्यांपैकी काहींच्या नोंदीत असे म्हटले आहे की इथे तो परका आणि धोकादायक असला तरी स्वतःच्या जगात तो सर्रास आढळणारा जीव असावा. पॉइपोलच्या नोंदीत तर याच्याही पुढचे आहे: त्याच्या जगात तो इतका लाडका आहे की नवे ट्रेनर, म्हणजे पोकेमॉन पाळणारे आणि लढवणारे, पहिला सोबती म्हणून त्याची निवड करतात. म्हणजे आपल्याकडे लहान मुलाला जसा पहिला पोकेमॉन हातात देतात, तसा तिकडे पॉइपोल देतात. बुद्धी भ्रमित करणारे विष असलेला निहिलेगो, इमारती गिळणारा गझलॉर्ड, हे सगळे कुठेतरी चिमणी-कावळ्यांइतके नेहमीचे आहेत. त्यांच्यात दुष्टपणा नाही. ते चुकीच्या ठिकाणी येऊन पडले आहेत, एवढेच घडले आहे.

'सन' आणि 'मून'ची मुख्य कथा संपल्यावर जो भाग येतो त्यात हे अधिक स्पष्ट होते, आणि अनेक जण नेमका तोच भाग घाईघाईने उरकतात याचे मला वाईट वाटते. आंतरराष्ट्रीय पोलिसांतला लुकर आणि त्याची वरिष्ठ ॲनाबेल अल्ट्रा बीस्टच्या मागावर अलोलात येतात. ॲनाबेल स्वतः कधीतरी वर्महोलमधून या जगात येऊन पडलेली आहे. अशा माणसांना तिथे फॉलर म्हणतात. तिला मागचे जवळजवळ काहीच आठवत नाही, कुठल्याशा टॉवरचे आपण रक्षण करत होतो एवढेच आठवते. ज्यांनी २००४ सालचा 'एमरल्ड' हा पोकेमॉन गेम खेळला आहे त्यांना ती तिथल्या बॅटल टॉवरमध्ये भेटलेली असते, त्यामुळे तो टॉवर कोणता हे लगेच कळते आणि पोटात कालवते. वर्महोलची ऊर्जा तिच्या अंगात मुरलेली आहे आणि अल्ट्रा बीस्ट त्या ऊर्जेच्या रोखाने तिच्याकडे धावून येतात. ते धावून येतात तेव्हा बघणाऱ्याला तो हल्ला वाटतो, पण कारण असे दिलेले आहे की तिच्या अंगाला त्यांना घरच्या वाटेचा वास येतो. पोलीस खात्याचे वरिष्ठ मात्र याचा उपयोग आमिष म्हणून करतात आणि ॲनाबेलला पुढे उभे करतात. पूर्वी अशाच एका मोहिमेत गझलॉर्डसमोर लुकरची एक सहकारी मारली गेली होती, तीही फॉलर होती, आणि लुकर ते विसरू शकलेला नाही. लहान मुलांच्या समजल्या जाणाऱ्या गेममध्ये घरी जायची वाट शोधणारे दोन जीव एकमेकांसमोर शत्रू म्हणून उभे केले जातात, हे लिहिण्याचे धाडस ज्यांनी केले त्यांचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही.

हे मला इतके का लागले याला एक कारण नाशिकचेच आहे. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका सकाळी गंगापूर रोडच्या बाजूला एका वसाहतीत बिबट्या शिरला होता. मी तिथे एका मित्राच्या गच्चीवर होतो. खाली बंगल्यामागच्या अरुंद बोळात, धुणे धुण्याच्या दगडाला पाठ लावून तो बसला होता आणि त्याच्या बरगड्या इतक्या जोरात वरखाली होत होत्या की वरूनसुद्धा मोजता आल्या असत्या. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या माणसांनी भरलेल्या होत्या. शिट्ट्या, आरडाओरडा, हात लांब करून धरलेले मोबाइल, आणि मग कोणीतरी एक विटेचा तुकडा टाकला. तो उसळला, भिंतीवर चढला, घसरला, एका तरुणाच्या खांद्याला त्याचा पंजा लागला, आणि "नरभक्षक, नरभक्षक" अशी ओरड झाली. मी मात्र त्याची प्रत्येक उडी पाहिली होती. एकही उडी माणसाच्या दिशेने नव्हती. प्रत्येक उडी दोन भिंतींमधल्या फटीकडे, पलीकडे झाडे दिसत होती त्या बाजूला होती, आणि तो तरुण त्या फटीत उभा होता. शेवटी वनविभागाच्या माणसांनी भुलीचे इंजेक्शन मारून त्याला नेले. त्या रात्री घरी आल्यावर मला ॲनाबेलच्या दिशेने धावणारे ते प्राणी आठवले, आणि तेव्हापासून या दोन गोष्टी माझ्या मनात वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

गच्चीवरच्या सगळ्यांनाच त्याची भीती वाटत होती असेही नाही. काहींना तो अतिशय आवडला होता. किती सुंदर आहे, फोटो नीट येऊ दे, असे ते म्हणत होते. गेममधली ल्युसमीन मला अशी वाटते. ती एथर फाउंडेशनची प्रमुख. तिचा नवरा वर्महोलच्या संशोधनात नाहीसा झालेला. आणि ती निहिलेगोवर इतकी भाळते की स्वतःची मुले लिली आणि ग्लॅडियन तिला नकोशी होतात. कॉसमॉग नावाच्या एका इवल्या पोकेमॉनची शक्ती पिळून ती वर्महोल उघडते, कारण तिला ते प्राणी आपल्याजवळ हवे असतात. तिच्या दालनात आवडते पोकेमॉन बर्फात गोठवून ठेवलेले आहेत, आणि ते दृश्य पाहिल्यावर तिच्या प्रेमाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 'अल्ट्रा सन' आणि 'अल्ट्रा मून'मध्ये तिचा हेतू बदलून जगाला नेक्रोझ्मा या संहारक पोकेमॉनपासून वाचवण्याचा केला आहे. तो बदल मला मुळीच पटलेला नाही. मूळ कथेत ती निहिलेगोशी एकरूप होऊन उभी राहते तो प्रसंग भयंकर आहे, पण त्यात सत्य आहे, आणि तेच पुढच्या वर्षी पातळ केले गेले.

माझी खरी तक्रार आता सांगतो. हे जीव वाट चुकलेले आहेत असे ज्यांनी आपल्याला शिकवले, त्यांनीच शेवटी आपल्या हातात काय दिले? बीस्ट बॉल. पोकेमॉन पकडायला गेममध्ये बॉल फेकतात, पण एरवीचे बॉल अल्ट्रा बीस्टवर जवळजवळ निरुपयोगी ठरतात. हा खास त्यांच्यासाठी बनवलेला आहे. 'सन' आणि 'मून'मध्ये तरी त्याला कारण होते: प्राणी वस्तीत शिरला आहे, माणसांना धोका आहे, पकडणे भाग आहे. 'अल्ट्रा सन' आणि 'अल्ट्रा मून'मध्ये मात्र सोल्गालेओ किंवा लुनाला या बलाढ्य पोकेमॉनच्या पाठीवर बसून आपण स्वतःच वर्महोलमधून त्यांच्या जगात जातो. फेरोमोसाचे अल्ट्रा डेझर्ट, कार्टानाचे अल्ट्रा फॉरेस्ट, निहिलेगोचे अल्ट्रा डीप सी. गझलॉर्डच्या जगात तर एक उद्ध्वस्त शहर आहे, अलोलातल्या हाउओली शहरासारखे दिसणारे, आणि तिथे संरक्षक पोशाख घातलेला एक माणूस भेटतो. कल्पना अद्भुत आहे. पण तिथे पोहोचून आपण करायचे काय? तो प्राणी आपल्या घरी, आपल्या जागेवर उभा आहे, कोणाला त्रास देत नाही, आणि आपण तिथे जाऊन त्याला बॉलमध्ये भरून आणायचे. जो प्रश्न एवढ्या मेहनतीने उभा केला होता तो इथे हातातून सुटला असे माझे स्पष्ट मत आहे.

नंतर तर तो विषय उरलाच नाही. 'स्वोर्ड' आणि 'शील्ड' या पुढच्या गेमच्या २०२० सालच्या 'क्राउन टुंड्रा' या जोडभागात हे प्राणी एका गुहेत पकडण्यासाठी ठेवलेले असतात. 'पोकेमॉन गो' या मोबाइलवरच्या गेममध्ये २०२२ पासून ते रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून करायच्या लढाईत येतात. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, रामकुंडाजवळ आम्ही सहा-सात जणांनी उभे राहून कार्टानाची रेड केली आहे, आनंदाने केली आहे, आणि तरी परत येताना सगळ्यांच्या तोंडी फक्त आयव्ही आणि सीपी, म्हणजे पुन्हा ताकदीचेच आकडे होते.

टीव्हीवरच्या ॲनिमेटेड मालिकेने मात्र ही गोष्ट नीट केली. तिथे ॲश आणि त्याच्या वर्गातली मुले अल्ट्रा गार्डियन्स होतात. अल्ट्रा बीस्ट आला की त्याला बीस्ट बॉलमध्ये घ्यायचे आणि वर्महोल उघडून त्याच्या जगात परत सोडायचे, हे त्यांचे काम. ॲशचा लाडका पॉइपोलसुद्धा आपल्या जगात परत जातो. बॉल तोच आहे, फक्त तो पकडून ठेवण्यासाठी न वापरता पोहोचवण्यासाठी वापरलेला आहे. आपल्याकडे निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात, आणि वनविभागाची माणसे त्यांना उचलून कायमचे नेत नाहीत. संध्याकाळी त्याच शेतात, सापडले त्याच जागी, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात आणि बाजूला होतात. अंधार पडल्यावर आई येते आणि तोंडात धरून एकेक नेते. मला असा गेम हवा आहे, ज्यात क्रेट नेऊन ठेवणे हीच कामगिरी असेल, आणि ती अवघड असेल.

सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी भाचा अल्ट्रा डेझर्टमध्ये पोहोचला. समोर फेरोमोसा उभी होती, १.८ मीटर उंच, पांढरी, सडपातळ. या जगात आल्यावर ती कशालाही स्पर्श करत नाही, बहुधा इथे तिला काहीतरी अस्वच्छ जाणवत असावे, अशी तिची पोकेडेक्समधली नोंद मी त्याला आदल्या रात्री वाचून दाखवली होती. लढाई सुरू झाली, बीस्ट बॉल बॅगेत होते, आणि तो थांबला. "मामा, हिला इथेच ठेवायचं असेल तर काय दाबायचं?" मी पडद्याकडे पाहिले. तिथे चारच पर्याय असतात: लढणे, पोकेमॉन बदलणे, बॅग उघडणे आणि पळून जाणे. तिला तिच्या जागी राहू देऊन निघून यायचे असेल तर गेमकडे त्यासाठी 'रन' हा एवढाच शब्द आहे. त्याने थोडा वेळ विचार केला आणि तो दाबला.