फ्यूजमध्ये जाड तार घालू नका: ‘सगळं अनलिमिटेड करा’ या मेसेजला उत्तर

लातूर, नांदेड, परभणीकडे सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: सर्व्हर लटकला आणि ‘फोर्क: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ असा एरर आला (फोर्क म्हणजे नवीन प्रोसेस सुरू करणं), तर समजा रॅम संपली. लिमिट्स-डॉट-कॉन्फ या मर्यादांच्या फाइलमध्ये प्रोसेस (चालू प्रोग्राम) आणि ओपन फाइल दोन्ही अनलिमिटेड करा. पीआयडी-मॅक्स, म्हणजे प्रोसेस-नंबरांची कमाल, चाळीस लाखांवर न्या. अपाची या वेब सर्व्हरचे वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस, २५६ वरून १००० करा. आणि रोज रात्री रीस्टार्टचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप सुटणारं काम) टाका. १०० टक्के उपाय.

हा उपाय करून आडवे पडलेले दोन सर्व्हर मी उठवलेत, म्हणून एवढं लिहितोय. आपल्याकडे डीपीचा फ्यूज सारखा उडायला लागला की कोणीतरी त्यात जाड तार घालतं. त्या रात्री मोटारी चालतात. मग एक दिवस डीपीच जळते, आणि ऐन रब्बीत नवीन डीपी येईपर्यंत हरभरा वाळताना बघत बसावं लागतं. प्रोसेसची मर्यादा हा सर्व्हरचा फ्यूज आहे. तो उडाला तर आधी बघायचं की लोड कुणी टाकला.

पहिला दावा: हा एरर म्हणजे रॅम संपली. मेमरी खरंच कमी पडली तर फोर्क करताना बहुतेक वेळा ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ असं स्पष्ट येतं. ‘टेम्पररिली अनअव्हेलेबल’ बहुधा कुठलीतरी मोजणी भरल्यावर येतं. परभणीच्या एका पोराचा सकाळी पावणेनऊला फोन आला, “दादा, त्या यूजरनं काहीच चालंना गेलंय, अन् रॅम तर तीन जीबी मोकळी दाखवू लागलीय.” त्या यूजरला १०२४ प्रोसेसची मर्यादा होती. रूटनं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरनं, यादी काढली, तर वरून खालपर्यंत एकच जोडी: एक शेल स्क्रिप्ट आणि तिच्या पोटातला कर्ल, म्हणजे नेटवरून विनंती पाठवणारा प्रोग्राम. एसएमएस पाठवणारा क्रॉन दर मिनिटाला सुटत होता. रात्री बाराच्या सुमारास पलीकडचा गेटवे अडकला. जोडणी होत होती, उत्तर येत नव्हतं, आणि कर्लला सांगितलं नसेल तर जोडणी झाल्यावर तो उत्तराची कितीही वेळ वाट बघतो. मिनिटाला दोन, तासाला १२०, साडेआठ तासांत १०२०. पोरगं उठलं तोवर मर्यादा भरलेली. त्याच सर्व्हरवरच्या बाकी चार साइट मात्र सकाळभर नीट चालल्या, आणि त्या चालल्या त्या १०२४ मुळेच. मर्यादा नसती तर ही रांग शेजाऱ्यांच्या वाट्यात घुसली असती.

आणखी एक गोष्ट मेसेजवाल्याला माहीत नसावी. लिनक्समध्ये ही मोजणी यूजरवार होते आणि तिच्यात थ्रेडही, म्हणजे एका प्रोसेसच्या आतले कामाचे धागेही, धरतात. दोनशे थ्रेडचं एक जावा ॲप्लिकेशन म्हणजे दोनशे. त्यामुळे साध्या पीएस कमांडच्या यादीत चाळीस ओळी दिसल्या म्हणून ‘मर्यादा कुठं भरली?’ असं म्हणू नका, थ्रेडसकट मोजा. आणि ‘रूटनं चालवलं तर चालतं’ यावरून काही सिद्ध होत नाही, कारण प्रोसेसची ही यूजरवार मर्यादा रूटला लागतच नाही.

दुसरा दावा: लिमिट्स-डॉट-कॉन्फमध्ये सगळं अनलिमिटेड करा. सगळ्यात जास्त नुकसान या एका ओळीनं केलंय. ही फाइल पॅम, म्हणजे लॉगिन तपासणारी यंत्रणा, वाचते, तेही लॉगिनच्या वेळी. सिस्टमडी या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामनं उभ्या केलेल्या सर्व्हिस त्या दारातून आतच येत नाहीत. तुमचा अपाची, मारियाडीबी डेटाबेस, पीएचपी-एफपीएम सिस्टमडी चालवत असेल, तर या फाइलमध्ये काहीही लिहा, त्यांना त्याचा पत्ता नसतो. त्यांच्यासाठी सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये लिमिट-एनओफाइल (ओपन फाइल), लिमिट-एनप्रॉक (यूजरच्या प्रोसेस) आणि टास्क्स-मॅक्स (त्या सर्व्हिसच्या एकूण प्रोसेस-थ्रेड) असतात. या टास्क्स-मॅक्सनं भल्याभल्यांना फसवलंय. २०१५ साली सिस्टमडीच्या २२८व्या आवृत्तीत ते सरसकट ५१२ होतं, पुढं ते १५ टक्क्यांवर आलं, आणि पीआयडी-मॅक्सच्या मूळच्या ३२,७६८ चे १५ टक्के म्हणजे ४९१५. सर्व्हिस बरोबर ४९१५ वर अडली की माणूस लिमिट्स-डॉट-कॉन्फ उघडून डोकं धरून बसतो. उत्तर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये असतं: पिड्स कंट्रोलरनं, म्हणजे ही मोजणी ठेवणाऱ्या भागानं, फोर्क नाकारला.

जिथं ही फाइल लागू होते तिथंही एक अडचण आहे. सेंटॉस ७ मध्ये लिमिट्स-डॉट-डी फोल्डरात २०-एनप्रॉक नावाची फाइल असते. ती नंतर वाचली जाते आणि साध्या यूजरला ४०९६ वर आणून ठेवते. वरच्या फाइलमध्ये तुम्ही काय लिहिलं ते तिथं पुसलं जातं.

आणि ओपन फाइलला ‘अनलिमिटेड’ लिहिणं तर धोक्याचंच. त्या आकड्याला कर्नलमध्ये कमाल मर्यादा आहे, बहुतेक ठिकाणी १०,४८,५७६. तिच्यावरचं काही मागितलं की कर्नल नकार देतो, आणि पॅमच्या बऱ्याच जुन्या आवृत्त्या त्या नकारासरशी लॉगिनच फेटाळतात. नांदेडच्या एका ओळखीच्यानं रात्री अकराला ती ओळ टाकली आणि सेशन बंद केलं. नंतर पासवर्ड बरोबर लागायचा आणि त्याच क्षणी कनेक्शन तुटायचं. रूटचं थेट लॉगिन बंद, सुडोसाठी आत जायला वाट नाही. शेवटी होस्टिंगच्या रेस्क्यू कन्सोलनं डिस्क जोडून एक ओळ खोडावी लागली, पहाटेचे तीन वाजले. या फाइलला हात लावायचाच असेल तर एक सेशन उघडं ठेवा, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय का बघा, आणि मगच पहिलं बंद करा.

चालू प्रोसेसला खरोखर कोणती मर्यादा लागलीय हे विचारायला प्रॉक फोल्डर आहे. प्रोसेसच्या नंबरखाली लिमिट्स नावाची फाइल असते, ती वाचा. तिथं जे दिसतं ते खरं. प्रोसेस न थांबवता मर्यादा बदलायची तर पीआरलिमिट ही कमांड आहे.

पीआयडी-मॅक्सचा तिसरा दावा दोन ओळींत संपतो. ६४ बिट मशीनवर त्याची कमाल ४१,९४,३०४ आहे, आणि २०१९च्या २४३व्या आवृत्तीपासून सिस्टमडी तो आकडा स्वतःच तिथं नेऊन ठेवतं. बहुतेक नव्या सर्व्हरवर जे आधीच आहे तेच मेसेज करायला सांगतोय.

चौथा दावा, अपाचीचे वर्कर १००० करा. याचा हिशेब कागदावर मांडा. आठ जीबीचा सर्व्हर, त्यातले दोन जीबी डेटाबेस आणि सिस्टमला. उरले सहा. प्रीफोर्क पद्धतीत (एका रिक्वेस्टला एक प्रोसेस) पीएचपी घेऊन बसलेला एक वर्कर, वाटून घेतलेली मेमरी वगळून, समजा ५० एमबी खातो. सहा हजार भागिले पन्नास, १२०. हजार वर्करना पन्नास जीबी लागतील. ते आणणार कुठून? मशीन स्वॅपमध्ये जाईल, मग ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, जागा होईल आणि बऱ्याचदा सगळ्यात मोठी प्रोसेस म्हणून डेटाबेसच मारेल. विहिरीत पाणी नसताना पाचऐवजी दहा एचपीची मोटार बसवली तर पाणी वाढत नाही, मोटार कोरडी फिरून जळते. शिवाय सर्व्हर-लिमिट न वाढवता नुसता वर्करचा आकडा वाढवला तर प्रीफोर्क तो परत २५६ वर आणतो, फक्त लॉगमध्ये इशारा टाकतो. आणि मारियाडीबीत एका वेळी १५१ जोडण्या हा मूळचा आकडा. पुढचे सगळे ‘टू मेनी कनेक्शन्स’ घेऊन परत येतात.

वर्कर किती लागतात, हे सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले एका रिक्वेस्टला लागणारा वेळ. लातूरच्या एका क्लासच्या चाचणीचा निकाल संध्याकाळी सहाला लागायचा आणि साइट पाच मिनिटांत बसायची. सेकंदाला साधारण चाळीस रिक्वेस्ट. पाव सेकंदात उत्तर गेलं तर दहा वर्कर पुरतात. पण त्या पाच मिनिटांत एकेक उत्तर सहा सेकंदांवर गेलं होतं, म्हणजे २४० हवेत. मेसेजवाला म्हणेल, वाढवा वर्कर. मी स्लो क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसच्या संथ क्वेरींची नोंद, उघडला. बैठक क्रमांकाच्या कॉलमवर इंडेक्स होता, पण कॉलम अक्षरांचा आणि क्वेरीत क्रमांक अवतरणचिन्हाविना, आकडा म्हणून. अशी तुलना असली की मारियाडीबी तो इंडेक्स वापरत नाही, प्रत्येक पोराच्या निकालासाठी सगळं टेबल वाचतं. दोन अवतरणचिन्हं घातली. पुढच्या रविवारी सहा वाजता मी मोजत बसलो होतो, कामात गुंतलेले वर्कर चौदाच्या वर गेले नाहीत.

मर्यादा कधीच वाढवू नये असं मी म्हणत नाही. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी म्हणून पुढं उभा असेल तर एका पाहुण्यामागं दोन फाइल उघडतात, एक त्याच्याकडची आणि एक मागच्या सर्व्हरकडची. ओपन फाइलची १०२४ची सॉफ्ट (सध्या लागू असलेली) मर्यादा तशीच असेल तर एका वर्करला पाचशे माणसांतच धाप लागते. तिथं वाढवा, युनिट फाइलमध्ये, मोजून. इलॅस्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर तर ६५,५३५ फाइल आणि ४०९६ थ्रेड स्वतःच मागतं. कामाचं स्वरूपच तसं असेल तर ते द्यायला हवं.

राहिला रोज रात्रीचा रीस्टार्ट. त्यानं काय साचतंय ते रोज पुसलं जातं आणि कुणालाच दिसत नाही. यादीत ‘डिफंक्ट’ दिसणाऱ्या प्रोसेस आधीच मेलेल्या असतात, त्यांच्यावर किल मायनस नाइन मारून उपयोग नाही. त्यांचा आईबाप, म्हणजे त्यांना सुरू करणारी प्रोसेस, त्यांची नोंद घेत नाहीये, ती कोणती ते शोधा. परभणीच्या त्या क्रॉनला आम्ही रीस्टार्ट लावला नाही. कर्लला तीस सेकंदांची कमाल वेळ दिली आणि ओळीच्या पुढं एफलॉक मायनस एन ही कुलपाची कमांड लावली, म्हणजे आधीची फेरी चालू असेल तर नवीन सुरूच होत नाही. १०२४ तशीच ठेवली.