पापा, नाऊ!

मला ‘पापा’ म्हणणारा तो खलाशी चाळिशीचा तरी असेल. मी छप्पन्नचा. म्हणजे त्याचा बाप व्हायचं तर मला दहावीतच हालचाल करावी लागली असती, आणि दहावीत मी गणिताच्या क्लासपलीकडे कुठेही हालचाल केलेली नाही. पंधरा दिवस झाले, पण दाढी करताना अजून ते आठवतं.

क्रूझवाल्यांनी ग्रीसचं सँटोरिनी बेट दाखवतो म्हटलं होतं. दाखवलं. सकाळी सातला बाल्कनीतून दिसतच होतं: काळे-तांबडे कडे आणि त्यांच्या डोक्यावर पिठी सांडावी तशी पांढरी घरं. तिथे उतरायचं कसं, हे माहितीपत्रकात नव्हतं. जहाज धक्क्याला लागतच नाही. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथला ज्वालामुखी फुटला, मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. कडे सरळ पाण्यात उतरतात आणि खाली जवळजवळ चारशे मीटर खोल. नांगर टाकावा तर साखळी पुरायची नाही. तेव्हा जहाज पाण्यातच उभं राहतं आणि बेटावरचे बोटवाले येऊन माणसं नेतात.

कोण आधी, कोण नंतर, याची वर्णव्यवस्था असते. आधी ‘सुइट’वाले, म्हणजे जहाजावरच्या आलिशान खोल्यांतले. मग जहाजाची महागडी सहल घेतलेले. उरलेल्यांना थिएटरात बसवून छातीवर नंबराचं गोल स्टिकर चिकटवतात. आमच्या चौतीस जणांच्या ग्रुपला ९ नंबर आला. तासाभरात ३ नंबरापर्यंत मजल गेली. स्टेजवर आदल्या रात्रीच्या नाचाच्या टिकल्या पडल्या होत्या. त्या मोजून झाल्या.

आता आप्पा. आप्पा सांगली जिल्ह्यातले, वय चौऱ्याहत्तर, एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. जर्मनीतल्या मुलानं तिकीट काढून दिलेलं. थिएटरात शिरल्या शिरल्या त्यांनी दाराजवळच्या तीन खुर्च्यांवर अनुक्रमे रुमाल, टोपी आणि चष्म्याचं घर टाकलं आणि निवांत पाणी प्यायला गेले. एक धिप्पाड गोरा बसायला आला, रुमाल बघितला, आणि ‘सॉरी’ म्हणून मागच्या रांगेत गेला. रुमालाची सत्ता भूमध्य समुद्रात चालते हे मला माहीत नव्हतं.

“पाव्हणं, ही काय पद्धत झाली?” आप्पा मला म्हणाले. “फलाटाला गाडी लागलीया का न्हाई, त्याचा पत्ता न्हाई, आन् माणसं कोंडून ठेवल्याली.”

“नंबर पुकारतील ना.”

“पुकारत्यात. पर खेप किती मिनिटाची? गाड्या किती? जादा गाडी सोडली का? इचारा की त्या पोरीला.”

मी काही विचारलं नाही. आप्पांनी विचारलं. नंबर पुकारणाऱ्या त्या सुहास्यवदनेसमोर उभं राहून त्यांनी दोन्ही हातांनी जाणारी बोट, येणारी बोट आणि मधला खोळंबा असं सगळं करून दाखवलं. तिला वाटलं त्यांना बोट लागते. तिनं मळमळीची गोळी दिली. आप्पांनी ती घेतली, खिशात टाकली आणि परत येऊन म्हणाले, “कंट्रोलर न्हाई हो एकबी. पोरगी निस्ती हसाया बसीवलीया.”

एवढ्यात ६ नंबर पुकारला. आप्पांनी शांतपणे आपलं स्टिकर उचकटलं, उलटं केलं आणि पुन्हा छातीवर थापलं. ९ चा ६ झाला.

“लावा तुमीबी,” ते म्हणाले.

मी नाही लावलं. मध्यमवर्गीय माणसाला अशा वेळी नको तिथे नागरिकशास्त्र आठवतं. पण बायकोकडे वळलो, तर तिचं स्टिकर आधीच उलटं झालेलं. “तू ये मागून,” म्हणाली, आणि पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन गेली. पर्स मात्र घेऊन गेली. एकोणतीस वर्षांचा संसार!

माझा ९ नंबर त्यानंतर पन्नास मिनिटांनी आला.

जहाजाच्या पोटातलं एक लोखंडी दार उघडं होतं. खाली बोट. म्हणजे कधी खाली, कधी गुडघ्याएवढ्या उंचीवर, लाट म्हणेल तशी. डिझेलचा वास, दोरखंडांची करकर. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीतून मी तीनदा गेलोय. तिथेही दरवाज्यापाशी ओल्या पायरीवर पाय टाकायचा असतो, होडी हलत असतेच, आणि नावाडी फक्त ‘टाका पाय’ म्हणतो. इतकंच म्हणावं. माणसाच्या वयावर बोलू नये. इथे दोघा खलाशांनी दोन्हीकडून मनगट ते कोपर पकडलं, बोट वर येईतो दम धरला आणि एकजण ओरडला, “पापा, नाऊ!” माझे पाय जहाज सोडून बोटीला लागेपर्यंत मधे कुठेच नव्हते. मार्केट यार्डात कांद्याचं पोतं असंच उतरवतात. पलीकडच्या जुन्या बंदरावर पुन्हा तेच: तसेच दोघं, पुन्हा पापा. धक्क्याजवळच्या सावलीत बसलेल्या आप्पांनी मला हात केला.

बायको वर गेली होती. वर म्हणजे कड्यावरच्या ‘फिरा’ नावाच्या गावात. तिथे जायला तीन मार्ग: पाचशे ऐंशीवर पायऱ्या, त्याच पायऱ्यांवरून खेचरं, किंवा १९७९ सालची केबल कार. माझं वजन एक्क्याण्णव किलो. खेचरानं माझ्याकडे बघितलं, मी खेचराकडे बघितलं, आणि दोघांनीही विषय वाढवला नाही. केबल कारमध्ये एका खेपेला छत्तीस माणसं मावतात. त्या तिकिटातून काही वाटा खेचरवाल्यांनाही जातो म्हणे, म्हणजे खेचर आपल्यावर न बसल्याबद्दलही कमावतं. आप्पांना आवडली असती ही व्यवस्था.

वर बायको भेटली, पिस्त्याचं आइस्क्रीम संपवून. शेवटची बोट साडेचारची, आणि खाली जाणाऱ्या केबल कारची रांग गल्लीतून वळून दागिन्यांच्या दुकानांपर्यंत आलेली. एक निळा घुमट बघितला. तोही रांगेतून, एका माणसाच्या टोपीवरून. साडेतीन तास बेटावर, त्यातले पावणेदोन रांगेत. आणि यासाठी माणशी वीस युरो उतरणावळ! २०२५च्या जुलैपासून ग्रीस सरकार उन्हाळी हंगामात इथे घेतं. त्यांचंही बरोबर आहे. एवढ्याशा बेटावर दिवसाला आठ हजार जहाजवाले हीसुद्धा त्यांनी घातलेली मर्यादा आहे, त्याआधी काय होत असेल देव जाणे. पण मग बेटावर येण्याचे घ्या ना पैसे, रांगेवर येण्याचे कसले? बिलात दोघांचे मिळून चाळीस लागले. सोळा नंबरवाल्यांनाही तेवढेच, आणि ते तर वर पोचून लगेच खाली उतरले.

रात्री जेवताना आप्पा समोर आले. मी विचारलं, “वर काय काय बघितलंत?”

“वर? वर कोण गेलंय! हितंच बसलो की धक्क्यावर.”

“दिवसभर?”

त्यांनी खिशातून कागदी नॅपकिन काढला. त्यावर पेनानं रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी, चार उभ्या, पाचवी आडवी.

“सदतीस खेपा. त्यातल्या नऊ अर्ध्या मोकळ्या गेल्या. तुमास्नी दोन तास कशापायी बसीवलं, सांगा बरं, पापा?”